लिसियमच्या मॅनेजरचं दप्तर
जुनी दप्तरं : लेखांक 6

पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिलं त्याच्याकडे जातं. त्यामुळे एखाद्याची खासगी कागदपत्रं ग्रंथालयात येतात तेव्हा त्यांत बहुतेक दुसऱ्यांचीच अक्षरं असतात. कवीच्या किंवा पुढाऱ्याच्या बाबतीत हे खपून जातं, कारण त्यांची पत्रं लोक जपून ठेवतात. पण ज्याचा धंदाच दुसऱ्याच्या वतीने पत्रं लिहिण्याचा होता, त्याचं काय होतं? ब्रॅम स्टोकरच्या दप्तराकडे या प्रश्नामुळे मी वळलो. त्याच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीकडे नंतर.

स्टोकरचा जन्म 1847 सालचा, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. डब्लिन कॅसलमध्ये सरकारी कारकुनी करता करता तो ‘डब्लिन इव्हिनिंग मेल’मध्ये बिनपगारी नाट्यपरीक्षणं लिहायचा. 1876 साली हेन्री आयर्व्हिंगचा हॅम्लेट पाहून त्याने लिहिलेलं परीक्षण खुद्द नटाच्या वाचनात आलं आणि ओळख झाली. दोनच वर्षांत आयर्व्हिंगने लंडनचं लिसियम थिएटर चालवायला घेतलं आणि स्टोकरला मॅनेजर म्हणून बोलावलं. 30 डिसेंबर 1878 रोजी ‘हॅम्लेट’ने पडदा उघडला. स्टोकरचं लग्न त्याच महिन्यात झालं होतं. नव्या बायकोला, फ्लॉरेन्सला, घेऊन तो थेट कामावर रुजू झाला, तो आयर्व्हिंग 1905 साली वारेपर्यंत त्याच्याच सेवेत राहिला.

काम काय होतं? हिशेब, पगार, तिकीटविक्री, वर्तमानपत्रांशी बोलणं, अमेरिकेच्या दौऱ्यांची व्यवस्था, आणि रात्री दारात उभं राहून बड्या पाहुण्यांचं स्वागत. शिवाय आयर्व्हिंगच्या नावे येणाऱ्या पत्रांना रोज ढिगाने उत्तरं. आपल्याकडे किर्लोस्कर नाटक मंडळीचे मॅनेजर शंकर बापूजी मुजुमदार हे याच जातीचे. मंडळी सांभाळून त्यांनी ‘रंगभूमि’ मासिक काढलं आणि अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं. स्टोकरनेही आयर्व्हिंगच्या आठवणींचे दोन खंड 1906 साली छापले. त्यात लिसियममागच्या बीफस्टेक रूममध्ये जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या नावांची यादी पानंच्या पानं चालते. चरित्र म्हणून ती कंटाळवाणी आहे. माणूस ओळखायला मात्र फार उपयोगी.

आता दप्तर कुठे आहे ते पाहू. लिसियमच्या मॅनेजरला आलेला पत्रव्यवहार इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या ब्रॉदर्टन संग्रहात आहे. आयर्व्हिंग आणि लिसियमची नायिका एलन टेरी यांच्याविषयी त्याने जमवलेले कागद स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या गावी गेले. लीड्सची पत्रं वाचणाऱ्याला त्या काळचं नाट्यजग दिसतं, नामांकित लोकांच्या सह्या दिसतात, आणि या सगळ्यांना लिसियमच्या दारापर्यंत पोचायला हा एक माणूस लागत होता हे कळतं. तो स्वतः काय म्हणाला, ते त्या कागदांत क्वचितच सापडतं.

त्याचं अक्षर भेटतं अटलांटिकपलीकडे, फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात. 1912 साली स्टोकर वारला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये फ्लॉरेन्सने त्याची पुस्तकं आणि कागद सदबीजच्या लिलावात काढले. ‘ड्रॅक्युला’ची मूळ टिपणं त्यात दोन पौंड आणि काही शिलिंगांना गेली. 1970 साली ती रोझेनबाखने विकत घेतली. पानं सव्वाशेच्या आसपास, काही हाताने लिहिलेली, काही टंकलिखित. सगळ्यांत जुनी तारीख 8 मार्च 1890 ची. कादंबरी छापून आली मे 1897 मध्ये. म्हणजे सात वर्षं हा माणूस दिवसा आणि रात्री थिएटर चालवत होता आणि मधल्या फटींत हे लिहीत होता. काही टिपणं तर लिसियमच्याच छापील कागदावर आहेत, काही दौऱ्यावरच्या हॉटेलच्या कागदावर. ज्या कागदावर मालकाची पत्रं लिहायची, त्यावरच याचा सरदार, काउंट ड्रॅक्युला, आकार घेत होता.

एक पान जवळून पाहण्यासारखं आहे. पात्रांची यादी आहे, नाटकाच्या जाहिरातीत नटांची असते तशीच. सरदाराच्या नावापुढे आधी ‘वॅम्पायर’ला जवळचं ‘वॅम्पिर’ लिहिलंय, मग ते खोडून ‘ड्रॅक्युला’. पानाच्या वरच्या बाजूला तेच नाव पुन्हापुन्हा लिहून पाहिलंय, जसं नवं नाव फलकावर कसं दिसेल ते पाहावं. हे नाव त्याला 1890 च्या उन्हाळ्यात व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी, तिथल्या वाचनालयातल्या विल्यम विल्किन्सनच्या 1820 सालच्या पुस्तकात सापडलं. त्याच मुक्कामात त्याने कबरींवरचे मजकूर उतरवून घेतले, कोळ्यांच्या बोलीतले शब्द अर्थासकट लिहून काढले, आणि 1885 साली तिथे फुटलेल्या ‘दिमित्री’ या रशियन जहाजाची माहिती तटरक्षकाकडून घेतली. कादंबरीत तेच ‘डिमीटर’ होऊन आलं.

टिपणांत शेवटी गाळलेली माणसंही आहेत: एक चित्रकार, एक पोलीस तपासनीस, भुताखेतांची चौकशी करणारा एक जण. चित्रकारासाठी योजलेली कल्पना अशी की सरदाराचं चित्र काढायला बसलं तर ते दुसऱ्याच कुणासारखं उतरावं. ही गाळायला नको होती, असं मला मनापासून वाटतं. डोक्याला मार लागल्यावर मेंदूचं काय होतं, याचं आकृतीसह टिपण त्याच्या शल्यचिकित्सक भावाने, सर थॉर्नली स्टोकरने, करून दिलेलं आहे. आणि तारखावार कोष्टक आहे. कुठल्या वारी कोण कुठे, कुठली गाडी किती वाजता. दौऱ्याचं वेळापत्रक आखणाऱ्या हातानेच हे आखलंय यात मला शंका नाही. कादंबरीत सरदार ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वाचत पडलेला दिसतो आणि नायिका मीना गाड्यांच्या वेळा पाठ करते, ते उगीच नाही.

सरदार म्हणजे आयर्व्हिंगच, नोकराने मालकावर उगवलेला सूड, अशी गोष्ट फार सांगितली जाते. ऐकायला ती रंगतदार आहे, पण टिपणांच्या पानांत तिला थेट आधार नाही. तिथे दिसतो तो कागद सांभाळणारा माणूस. कादंबरीही डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांची चळत आहे. शेवटी तर अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ उरलेला नाही आणि हाती बहुतेक टंकलिखित प्रतच आहे, असं पात्रंच कबूल करतात. दप्तरात आयुष्य काढलेल्यालाच ही भीती सुचावी.

धंद्यातली अक्कल त्याने स्वतःच्या पुस्तकासाठीही वापरली. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात कथेचे रंगभूमीवरचे हक्क राखायचे तर जाहीर प्रयोग करावा लागे. म्हणून 18 मे 1897 रोजी लिसियममध्येच ‘ड्रॅक्युला’चं नाट्यवाचन झालं, चाळीसहून जास्त प्रवेशांचं. मीनाचं काम एलन टेरीच्या मुलीने, ईडिथ क्रेगने केलं. संहिता म्हणजे कादंबरीची छापखान्यातली मुद्रितं कापून चिकटवलेली आणि जोडओळी हाताने लिहिलेल्या. परवान्यासाठी ती लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत गेली आणि म्हणूनच वाचली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

फुटलेलं दप्तर अजून जुळतंच आहे. टिपणांची छायाप्रत 2008 साली पुस्तकरूपाने निघाली. 2018 साली लंडन लायब्ररीत, जिथला स्टोकर सभासद होता, रेघा, फुल्या आणि दुमडलेल्या पानांवरून त्याने हाताळलेली पंचवीसेक पुस्तकं ओळखली गेली. लायब्ररीचीच पुस्तकं त्याने अशी खुशाल खराब केली म्हणून आज आपल्याला पत्ता लागतो. 2024 साली आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘गिबेट हिल’ ही त्याची विसरलेली कथा एका डब्लिनच्या वर्तमानपत्राच्या डिसेंबर 1890 च्या नाताळ पुरवणीत मिळाली. टिपणं सुरू झाली त्याच वर्षातली ती.

1737 पासून 1968 पर्यंत इंग्लंडमधलं प्रत्येक नवं नाटक ज्या कचेरीतून पास होऊन जायचं, तिथे साठलेल्या संहितांविषयी पुढच्या आठवड्यात.