आधी इंजिन, मग होडी, शेवटी माणूस

सौंसरात बसून बोटींच्या शर्यतीवर लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्या जाम नदीला उन्हाळ्यात इतकंच पाणी की ढोरं सहज पार होतात. ओबीएम हा शब्द इकडे कानावर पडतो तो पुराच्या दिवसांत, बचाव पथकाची रबरी बोट आली की. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची ही आउटबोर्ड मोटर. साठ ते ऐंशीच्या दशकांत हिनेच पाण्यावरचा एक अचाट आणि बराचसा निर्दय खेळ उभा केला.

मोटर मुळात साध्या माणसांसाठी होती. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूडने 1909 च्या सुमारास ती विकायला काढली. तळ्यापलीकडून वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वितळलं म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण गोष्ट गोड आहे. पुढे 1939 मध्ये कार्ल कीकहेफरने मर्क्युरी काढली आणि चुरस सुरू झाली. या गृहस्थाने फ्लोरिडात एक अख्खं तळं चाचण्यांसाठी घेतलं, भोवती पहारा बसवला आणि त्याला नाव दिलं ‘लेक एक्स’. समोर जॉन्सन आणि एव्हिन्रूड हे दोन्ही ब्रँड सांभाळणारी ओएमसी होती. रविवारी शर्यत जिंकायची आणि सोमवारी दुकानात मोटर विकायची, असा सरळ हिशेब.

होडीचं रूप मात्र इटलीत पालटलं. कोमो सरोवराकाठी आंजेलो मोलिनारी प्लायवुडच्या होड्या बांधत असे. त्याने सपाट तळाऐवजी दोन बाजूंना दोन लांबट पाय दिले आणि मधे बोगदा ठेवला. वेग वाढला की बोगद्यात हवा कोंडते आणि होडीला वर उचलते. मग पायांची मागची टोकं आणि पंखा एवढंच काय ते पाण्यात उरतं. घर्षण गेलं, वेग आला. वळणावर पायाची कड पाण्यात रुतते, त्यामुळे होडी न घसरता जागच्या जागी वळल्यासारखी वळते. नाक किती उचलायचं हे चालक इंजिनाचा कोन बदलून ठरवतो, त्याला ट्रिम म्हणतात. हा कोन थोडा जास्त झाला किंवा समोरून वाऱ्याचा झोत आला, की जी हवा होडी तोलून धरते तीच तिला मागे उलथवते. निम्मं विमान पाण्यावर आणलं होतं, पण विमानाचे पंख नव्हते आणि वैमानिकाचा पट्टाही नव्हता.

त्या काळच्या शर्यती तासांवर मोजल्या जात. पॅरिसची सहा तासांची शर्यत 1955 पासून सीन नदीत, पुलांखालून होई. दगडी काठांवर आपटून लाटा परत येत आणि नदी दिवसभर ढवळलेलीच राहत असे. टू-स्ट्रोक इंजिनं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल, निळा धूर. राजदूत किंवा लूना चालवलेल्यांनी तो वास शेकडो पटींनी मोठा करून पाहावा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या लेक हवासूलाही असंच दीर्घ पल्ल्याचं धुमशान चाले.

पुढे कंपन्यांनी ताकदीची मर्यादाच सोडली. ओएमसीने साडेतीन लिटरचं व्ही-8 आणलं. 1981 मध्ये फॉर्म्युला वनच्या नावाने जागतिक मालिका सुरू झाली, तेव्हा पहिला विजेता होता आंजेलोचा मुलगा रेनातो. 1983 आणि 1984 मध्येही तोच जिंकला. चालक मात्र अजून उघड्यावरच बसत. अपघातात बाहेर फेकलं गेलेलं बरं, हे त्यांचं तर्कशास्त्र. आणि वेग कमी होता तोवर ते चाललंही. 1984 मध्ये बेल्जियममधल्या लिएजला ब्रिटिश चालक टॉम पर्सिव्हल गेला. त्या हंगामातला तो एकटाच बळी नव्हता.

काठावरची गर्दी मात्र हटत नव्हती. याचं आम्हाला फार नवल वाटायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव याच जामच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड भिरकावतात, मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा; हीच ती गोटमार. डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. धोका काढला तर खेळात काय उरतं, हा प्रश्न गोटमारीतल्या माणसाला विचारा, तो तुमच्याकडेच विचित्र नजरेने पाहील.

बोटवाल्यांना मात्र उत्तर सापडलं. इंग्लंडच्या ख्रिस हॉजेसने चालकाभोवती मजबूत कवच बांधलं: होडीचे तुकडे झाले तरी ते शाबूत राहावं आणि चालक पट्ट्याने त्यातच बांधलेला असावा. जुन्या तर्काच्या अगदी उलट. शिवाय आता उलट्या कॉकपिटमधून पाण्याखाली बाहेर पडण्याची परीक्षा दिल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. एवढं झालं, पण खेळ बेचव झाला असं कुणी म्हणत नाही.

आपल्या वाट्याला आली ती ही पुढची आवृत्ती. 2004 मध्ये मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून मुंबईकरांनी फॉर्म्युला वनच्या बोटी पाहिल्या, तेव्हा चालक झाकणाखाली बंद होते. मागे मर्क्युरीचं अडीच लिटरचं व्ही-6, साधारण चारशे अश्वशक्तीचं. त्यानंतर 2018 मध्ये ही मालिका विजयवाड्याला कृष्णेत आली. तोवर ओएमसीचं दिवाळं वाजून बरीच वर्षं लोटली होती. एव्हिन्रूड हे नाव नव्या मालकाकडे तग धरून होतं. 2020 मध्ये त्यानेही त्या मोटरी बनवणं थांबवलं.