डॅगोरलाड : बरी न होणारी जमीन

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मॉर्डोरच्या काळ्या दरवाजाबाहेर, उत्तरेला, डॅगोरलाडचं रणमैदान पसरलं आहे. झाड नाही, वस्ती नाही. पश्चिमेकडे मैलोन् मैल दलदल आणि तिच्यापलीकडे एमिन म्यूलच्या खडकाळ टेकड्या. आणखी उत्तरेला तपकिरी पडलेला मुलूख आहे. तिथं एके काळी एंट-स्त्रियांच्या, म्हणजे झाडांची राखण करणाऱ्या एंट जमातीतल्या स्त्रियांच्या, बागा बहरल्या होत्या, त्याही युद्धात बेचिराख झाल्या. मॉर्डोर गाठण्याच्या ओढीनं वाचक हा टापू भराभर मागे टाकतात. माझ्या मते कादंबरीचं मर्म इथंच आहे.

दुसऱ्या युगाच्या ३४३४ साली एल्फ आणि मानव यांच्या अखेरच्या युतीनं इथं मॉर्डोरचा अधिपती सॉरॉन याच्या फौजांना गाठलं. एल्फांचा राजा गिल-गॅलॅड, मानवांचा एलेंडिल. लढाई दिवसाअखेर आटोपली नाही, ती महिनोन् महिने चालली. एल्फ तेवढे सगळे एकाच बाजूनं लढले. बाकी प्रत्येक जातीचे जीव, अगदी पशुपक्षीसुद्धा, दोन्हीकडून लढले. लोरिएनचा एल्फ राजा आम्दीर निम्म्याहून अधिक सैनिकांसह मुख्य सैन्यापासून तुटला, दलदलीत रेटला गेला आणि तिथंच संपला. युतीनं मैदान मारलं खरं, पण पुढे सात वर्षं सॉरॉनच्या गडाला वेढा चालवावा लागला आणि सॉरॉनला पाडताना दोन्ही राजे कामी आले. तिसऱ्या युगातही इथं रक्त सांडतच राहिलं.

दलदल मात्र हळूहळू पूर्वेकडे सरकत होती. तिनं रणात पडलेल्यांच्या कबरी गिळल्या. तीन हजारांहून जास्त वर्षांनी मॉर्डोरकडे निघालेले फ्रोडो, सॅम आणि वाटाड्या गॉलम त्या पाण्यातून वाट काढतात, तेव्हा भोवती फिकट दिवे हलू लागतात. आपल्याकडे माणसाला चकवा लागतो म्हणतात, तसे हे दिवे वाटसरूला ओढून नेतात. सॅम ठेचकाळून पडतो, त्याचे हात चिखलात रुततात, तोंड पाण्याला टेकायला येतं आणि खाली त्याला मेलेल्यांचे चेहरे दिसतात. (चित्रपटात पाण्यात पडतो तो फ्रोडो.) चेहरे शत्रूचेही आहेत आणि आपल्यांचेही; काही दुष्ट, काही उमदे आणि खिन्न, पण सारे कुजलेले. गॉलमनं पूर्वी त्यांना हात लावून पाहायचा प्रयत्न केलेला असतो. हाताला काही लागत नाही.

टॉल्किन यांनी १९६०च्या अखेरीस एका पत्रात लिहिलं की ही दलदल आणि काळ्या दरवाजाकडची वाट पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही देणं लागतात. त्याहून मोठं ऋण त्यांनी विल्यम मॉरिस यांच्या कथांचं मानलं. कथांचं ऋण असेलही, पण पाण्याखालचे ते चेहरे पुस्तकातून आले असतील असं मला वाटत नाही. सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. टॉल्किन यांचा शाळासोबती रॉब गिल्सन त्यांत होता. दुसरा जिवलग मित्र, जेफ्री स्मिथ, त्याच वर्षी डिसेंबरात गेला. टॉल्किन स्वतः लँकेशायर फ्युझिलियर्सच्या ११व्या बटालियनमध्ये संदेशवहन अधिकारी होते. उवांमुळे पसरणाऱ्या खंदकतापानं ते आजारी पडले आणि नोव्हेंबरात इंग्लंडला परतले. सोमच्या रणभूमीवर थिएपवालला उभारलेल्या स्मारकावर आज ७२,०००हून जास्त नावं कोरलेली आहेत. ती ज्यांची कबर कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, अशांची.

सोमची जमीन मात्र सावरली. तिथं पुन्हा शेती होते, नांगराच्या फाळाला अजून जुने तोफगोळे लागतात, तरी पीक उभं राहतं. डॅगोरलाडला टॉल्किन यांनी एवढीही सवलत दिली नाही. दरवाजाजवळ राखेचे आणि चिखलाचे ढीग, विषारी खड्डे, जळक्या मातीच्या राशी. समुद्रानंच येऊन धुऊन काढली तर, एरवी ही भूमी बरी होणार नाही, असं ते स्पष्ट लिहितात. पुढच्या माणसांनी फुलं वाहिली, स्मारक बांधलं, म्हणजे केलेला विध्वंस फिटतो, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मलाही हे पटतं.

तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली, मार्चमध्ये, एलेंडिलचा वारस अ‍ॅरागॉर्न याचं सैन्य या उजाड पट्ट्याच्या कडेला पोचतं. समोरचा देखावा पाहूनच काही जणांचे पाय गळतात. ही रोहानची तरुण पोरं, लोसारनाखचे शेतकरी. मॉर्डोर हे नाव त्यांनी लहानपणापासून फक्त गोष्टींत ऐकलेलं. टॉल्किन यांच्या बटालियनमधली माणसंही अशीच, लँकेशायरच्या गिरण्या आणि खाणींच्या गावांतून उठून आलेली. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्करानं आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या; त्यांना माफी मिळाली २००६ साली. अ‍ॅरागॉर्न मात्र पाय गळालेल्यांवर रागावत नाही. त्याला त्यांची कीव येते. जा, पण जमेल तेवढा मान राखा, पळू नका, असं सांगून तो त्यांना केअर अँड्रॉस बेटावर वेगळी कामगिरी देतो. ते ऐकून काही जण निघतात. काही लाजून, भीती गिळून त्याच्याबरोबर राहतात. २५ मार्चला काळ्या दरवाजासमोरच्या दोन ढिगाऱ्यांवर उभे राहिलेले सहा हजारांहूनही कमी लोक हे असे, निवड करून आलेले आहेत.