नाराजीचा एक इंग्रजी शब्द



इंग्रजी शिकताना ‘हॅपी’ आणि ‘सॅड’ हे शब्द मुले चटकन उचलतात. अडचण येते ती मधल्या शब्दांची. माणूस रडत नाही, भांडत नाही, पण खूषही नाही. आतल्या आत धुसफुसतो आहे. अशा माणसाला मराठीत आपण नाराज, नाखूष, असंतुष्ट, खट्टू असे प्रसंगानुसार म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी एक शब्द वर्तमानपत्रांतून वारंवार भेटतो. तो म्हणजे ‘डिसग्रंटल्ड’. हा शब्द वापरायचा कसा, ते आज पाहू.

आधी उच्चार. जोर ‘ग्रं’ या अक्षरावर द्यावा आणि शेवटचे ‘ट्ल्ड’ एका दमात म्हणावे. ‘ग्रंटलेड’ असे म्हणू नये.

आता शब्दाची घडण. ‘ग्रंट’ म्हणजे डुकराचे घुरघुरणे. इंग्रजीत काही क्रियापदांना शेवटी ‘ल’ जोडला की तीच क्रिया पुन्हा पुन्हा होते असा अर्थ निघतो. ‘क्रॅक’पासून ‘क्रॅकल’ झाले, तसे ‘ग्रंट’पासून ‘ग्रंटल’, म्हणजे सारखे घुरघुरत राहणे. आपण हेच काम शब्द दुहेरी करून साधतो. कुरकुर, पुटपुट, भुणभुण हे शब्द पाहा ना!

मग पुढे ‘डिस’ कशासाठी? मुलांना आपण शिकवतो की ‘डिस’ म्हणजे नकार. ‘सॅटिस्फाइड’ म्हणजे समाधानी आणि ‘डिससॅटिस्फाइड’ म्हणजे असमाधानी. पण हा नियम येथे लावला तर ‘न कुरकुरणारा’ असा भलताच अर्थ होईल! या शब्दातला ‘डिस’ नकाराचा नाही, तो जोर देणारा आहे. सतराव्या शतकात शब्द बनला तो ‘पुरता कुरकुरा करून सोडणे’ अशा अर्थाने. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांनी १९३८ सालच्या एका कादंबरीत ‘डिस’ काढून टाकून ‘ग्रंटल्ड’ म्हणजे खूष, अशी थट्टा केली, ती याच गैरसमजावर. सांगायचे इतकेच, की उपसर्ग पाहून अर्थाचा अंदाज करावा, पण निकाल देऊ नये.

आता वापर. हा शब्द कोणत्याही दुःखाला चालत नाही. पाऊस पडला नाही म्हणून शेतकरी चिंतेत असतो, पण त्याला ‘डिसग्रंटल्ड’ म्हणत नाहीत. कारण पावसाने त्याला वचन दिले नव्हते. मात्र कारखान्याने उसाचे पैसे वेळेवर दिले नाहीत आणि उत्पादक महिनाभर कुरकुरत आहेत, तर ते ‘डिसग्रंटल्ड’ ठरतात. म्हणजे येथे तीन गोष्टी हव्यात: काही अपेक्षा होती, ती कोणीतरी मोडली, आणि नाराजी मनात रेंगाळते आहे. वाक्य असे होईल: ‘द ग्रोअर्स आर डिसग्रंटल्ड ओव्हर द डिले.’

मराठीची सवय येथे हमखास आड येते. आपण ‘त्याच्यावर नाराज’ म्हणतो, म्हणून विद्यार्थी ‘ऑन हिम’ लिहितो. ते चूक आहे. माणसाविषयी नाराजी असेल तर ‘विथ’ वापरावे आणि गोष्टीविषयी असेल तर ‘ओव्हर’, ‘अबाउट’ किंवा ‘अ‍ॅट’. फळ्यावर दोन रकाने करून मुलांकडून पाचसहा वाक्ये वदवून घ्यावीत, म्हणजे हे अंगवळणी पडते.

आणखी एक गोष्ट, आणि ती व्याकरणाहून मोठी आहे. हा शब्द माणूस स्वतःविषयी क्वचितच वापरतो, बहुधा दुसरेच त्याला लावतात. एखाद्या नोकराने गैरव्यवहार उघड केला की वरिष्ठ म्हणतात, ‘ही इज अ डिसग्रंटल्ड एम्प्लॉयी.’ म्हणजे तक्रारीत दम नाही, माणूसच कुरकुरा आहे! एका विशेषणाने तक्रार बाजूला पडते आणि स्वभावावर बोट येते. म्हणून अर्ज लिहिताना ‘आय अ‍ॅम डिसग्रंटल्ड’ असे लिहू नये. ‘आय अ‍ॅम डिससॅटिस्फाइड विथ’ असे लिहून कारण द्यावे.

अशा शब्दांचे वजन महाराष्ट्राने एकदा चांगलेच अनुभवले आहे. ‘डिसग्रंटल्ड’च्या शेजारी ‘डिसअफेक्टेड’ नावाचा शब्द राहतो. सत्तेवरची निष्ठा किंवा आपलेपणा उडालेला, असा त्याचा अर्थ. त्याचे नाम ‘डिसअफेक्शन’. राजद्रोहाच्या तेव्हाच्या कलमात हाच शब्द होता. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा अभाव, आणि सरकारविषयीचा द्वेष, शत्रुत्व, दुर्भाव असे सारे त्यात येते. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आता सांगा, ‘डिस’ म्हणजे नुसता अभाव की उघड वैर, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहिला का? पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कायदा दुरुस्त करून त्यात या शब्दाची व्याप्ती लिहिण्यात आली: बेइमानी आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना त्यात येतात.

तेव्हा शिक्षकहो, असा शब्द शिकवताना कोशातला एक प्रतिशब्द देऊन थांबू नका. मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा: नाराज कोण आहे? कशामुळे आहे? आणि त्याला नाराज म्हणतो आहे तो कोण? पहिल्या दोन प्रश्नांनी वाक्य बरोबर येईल. तिसऱ्याने वर्तमानपत्र वाचता येईल.