मे महिन्यातली बॅटरी

जनवाड्याहून बिदर जवळ, कलबुर्गी मात्र शंभर किलोमीटरच्या पलीकडे. छोटी पेट्रोल मोटार ते अंतर सहा-सात लिटरमध्ये कापते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे साठेक युनिट जळली. विजेच्या मोटारीला तेवढ्याच रस्त्याला 15 ते 20 युनिट पुरतात. पेट्रोलची बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि धुराड्यावाटे उष्णता होऊन जाते. (वीज कोळशाची असली तर तीच नासाडी वीजकेंद्रात होते, हे मात्र विसरायचं नाही. पावगडच्या 2050 मेगावॉट सौर उद्यानासारखे प्रकल्प म्हणून महत्त्वाचे.)

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. लिथियम बॅटरीला 20 ते 35 अंश मानवतात. कलबुर्गीचा मे चाळिशी सहज ओलांडतो, आणि त्या तापमानात बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगावतात, क्षमता कायमची घटते. रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉन या विजेच्या मोटारीची बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळवलेला असतो; बहुतेक स्कूटरना वाऱ्यावरच भागवावं लागतं. तेव्हा दुपारी रापून आलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नका. पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवणं तर त्याहून वाईट.