जुनी ओम्नी घेताय? आधी पत्रा बघा, मग इंजिन



भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन न्यायला बरेच जण जुनी मारुती ओम्नी शोधतात. ही गाडी 2019 मध्ये बंद झाली, म्हणजे बाजारात आहे ती वापरलेलीच. इंजिन 796 सीसीचं, साधं. गावातला मिस्त्रीही खोलतो. सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवरच. म्हणून मॅट उचलून तळ बघा. खाली वाकून मागचे पाटे जिथे बसतात ती जागा आणि सरकत्या दाराची खालची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच टोचा.

इंजिन गार असताना जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल, तर गार होईपर्यंत चहा घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय; तेवढे पैसे कमी करून मागा.

सातबाऱ्यावर बघतो तसा आरसीवरही बोजा बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. चासी नंबर स्वतः जुळवा. 15 वर्षं झाली असतील तर नोंदणी नूतनीकरण आणि हरित कर कोण भरणार ते आधीच ठरवा. गॅस किट आरसीवर चढवलेलं नसेल तर गाडी सोडून द्या. आणि पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही.

हे सगळं बघितल्याशिवाय इसार देऊ नका.