संगणकाची चावी आणि पेढीची हिफाजत

रत्नागिरीत राम आळीतील कापडाचे दुकान असो की मिरकरवाड्यातील मासळीची पेढी, हिशेब आता संगणकावर आला आहे. खातेवही मुख्य संगणकावर असते आणि काउंटरवरचे व वखारीतले संगणक त्याला जोडलेले असतात. सोय मोठी आहे. परंतु या जोडणीची चावी कशी चालते, हे पुष्कळ व्यापारी बांधवांस ठाऊक नसते.

सकाळी नोकर पासवर्ड टाकतो. तो पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जात नाही. मुख्य संगणक एक आकडा पाठवतो व काउंटरचा संगणक पासवर्डच्या आधारे त्याचे उत्तर काढून देतो. उत्तर जुळले की दोन्हीकडे त्या जोडणीपुरती एक गुप्त चावी तयार होते. तिलाच सेशन की म्हणतात. जोडणी संपली की ही चावी रद्द होते. मात्र तुटलेली जोडणी पुन्हा जुळावी म्हणून पासवर्डचा ऐवज काउंटरच्या संगणकाच्या मेमरीत राहतो. चोराची नजर त्यावरच असते.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. मर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम अडले. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. विंडोजमधील खोटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. पण हा व्हायरस एका संगणकाच्या मेमरीतील पासवर्ड उचलून, दुरुस्ती केलेल्या संगणकांतही शिरत असे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक नोकरास वेगळे नाव व पासवर्ड द्यावा. रोजचे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने करू नये. संध्याकाळी नुसता पडदा न विझवता लॉग ऑफ करावे. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करावी. नोकर सोडून गेल्यास पासवर्ड बदलावाच, शिवाय त्याची चालू जोडणीही तोडावी; कारण पासवर्ड बदलला तरी उघडी जोडणी आपोआप तुटत नाही. खातेवहीची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी.

सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले जपणे हीदेखील अमानतच आहे.