अम्लरेखन आणि निसर्गचित्र : नाटे परिसराच्या दृष्टांताने

'एचिंग' या संज्ञेस मराठीत 'अम्लरेखन' हा पर्याय आहे. तथापि बोलण्यात या तंत्राचा निर्देश पुष्कळदा 'कोरीव काम' असा होतो. ही ढिलाई केवळ परिभाषेची नव्हे. तिच्यामुळे या माध्यमाचे निसर्गचित्राशी असलेले नाते दृष्टीआड होते.

कोरण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे राजापूर तालुक्यातील सड्यांवरची कातळशिल्पे होत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली समाविष्ट झालेली कशेळी, बारसू व देवाचे गोठणे ही स्थळे याच तालुक्यातील. तेथे जांभ्यातील प्रत्येक खाच हाताच्या बळाने उतरली आहे. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व डांबर यांचा पातळ थर देतात. सुई तेवढा थर खरवडते. धातू खाण्याचे कार्य अम्ल करते. त्यामुळे रेघ लेखणीप्रमाणे मोकळी धावते आणि तिची खोली बळाने नव्हे, तर वेळेने ठरते.

नाटे येथील यशवंतगडावरून दक्षिणेकडे पाहिल्यास समोर खाडी, पैलतीरी सडे व उजवीकडे समुद्र येतो. हे दृश्य रेखाटून पत्रा अम्लात बुडविला, की दूरच्या सड्यांच्या रेघा अल्पावधीतच रोगणाने झाकाव्या लागतात. खाडीच्या रेघांना अधिक वेळ मिळतो, तटाच्या चिऱ्यांना सर्वाधिक. उथळ रेघेत शाई थोडी मावते. म्हणून क्षितिज फिके व तट गडद उमटतो. छापात दिशा उलटतात; तेव्हा समुद्र उजवीकडेच राहावा यासाठी पत्र्यावर तो डावीकडे काढावा लागतो.

जर्मन चित्रकार आल्टडोर्फर याने सुमारे १५२० मध्ये या तंत्राने स्वतंत्र निसर्गदृश्ये छापली. रेम्ब्रांटच्या १६४३ मधील 'तीन वृक्ष' या चित्रात अम्लाच्या जोडीस कोरणीही आहे. १७९१ मध्ये मुंबईस आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची मुंबई बेटाची बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाली. तीही अम्लरेखनेच होत.

कातळावरील खाचेची खोली दूर-जवळ दर्शवीत नाही; ताम्रपटावर तीच खोली अंतराची भाषा बनते. 'कोरणे' आणि 'अम्लरेखन' या संज्ञा वेगळ्या राखण्याचे प्रयोजन हेच होय.